घरी कोणी गेलं तर: आधी दाखला, मग अभंग

ठाण्यात घरी कोणाचा मृत्यू झाला, तर एकाने फक्त नेहमीच्या डॉक्टरांना गाठावं. मृत्यूच्या कारणाचा दाखला (घरच्या मृत्यूसाठी नमुना ४-अ) हाती आल्याशिवाय जवाहरबाग स्मशानभूमीची वेळ कोणालाही कळवू नका. नाव आधारकार्डाप्रमाणेच लिहून घ्या. पुढे बँकेत तेच पाहतात. पेसमेकर असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या, दहनात तो फुटतो.

बाकी सगळं माणसाच्या आवडीचं करावं. आई गेली असेल, तर तिची सुती इरकल नेसवा, नवं कापडच हवं असा हट्ट कशाला? तिच्या भजनी मंडळाला बोलवा, पण अभंग सोसायटीच्या आवारातच होऊ द्या. स्मशानात मागे दुसरं कुटुंब थांबलेलं असतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा आणि मृत्यू दाखल्याच्या जास्त प्रती मागा.