अपस्मार असताना मनाची उभारी कशी राखावी

अपस्मारात येणारी फिट, म्हणजे झटका, बहुधा एक-दोन मिनिटांत थांबते. ती पुन्हा केव्हा येईल या धास्तीत मात्र पुढचे कित्येक दिवस जातात, आणि माणूस खचतो तो मुख्यतः या धास्तीनेच. म्हणून पहिले काम नोंदवहीचे. प्रत्येक झटक्याची तारीख आणि वेळ, आदल्या रात्रीची झोप, चुकलेली गोळी, ताप, उपवास हे सारे तीत लिहावे; झटका किती वेळ टिकला हे पाहणाऱ्याकडून विचारून घ्यावे. काही महिन्यांत अनेकांना त्यात एखादा क्रम दिसू लागतो आणि जे निव्वळ दैवाच्या हाती वाटत होते, त्यातले थोडे आपल्या हाती येते. कोल्हापुरात विसर्जनाची मिरवणूक रात्रभर चालते आणि नवरात्रात उपवासाच्या जोडीला जागरणही घडते. ज्याच्या वहीत जागरणानंतरचे झटके आढळतात, त्याने मिरवणूक संध्याकाळी पाहावी आणि वेळेवर घरी येऊन झोपावे. उपवास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि गोळी मात्र कोणत्याही दिवशी चुकवू नये.

यानंतर घरच्यांसोबत बसून खरा धोका आणि नुसती भीती यांची फारकत करावी. पंचगंगेत एकट्याने पोहणे, उंचावर चढून काम करणे, न्हाणीघराची कडी आतून लावणे यांत खरा धोका आहे. मोटारसायकलीचे दुःख मोठे असते, कारण या शहरात गाडी गेली की तरुणाला आपले स्वातंत्र्यच गेल्यासारखे वाटते; तरीही वाहन परवान्याच्या अर्जात अपस्माराविषयी थेट प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर खरेच द्यावे. गाडी चालवता येत नाही तोवर के.एम.टी.ची शहर बस आहे, मित्राची मागची सीट आहे. मात्र कॉलेज, नोकरी, महाद्वार रोडवरची खरेदी, मित्रांसोबत रंकाळ्यावरचा फेरफटका हे बंद करण्याचे कारण सहसा नसते. ‘तू राहू दे, आम्ही करतो’ हे घरच्यांचे वाक्य मायेचे असले, तरी रोज ऐकणाऱ्याचा आत्मविश्वास त्याने झिजतो, असे माझे मत आहे.

कामाच्या ठिकाणी निदान दोघांना विश्वासात घ्यावे आणि सूचना आधीच सांगून ठेवावी: ‘मला फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा; पाच मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा.’ (चप्पल किंवा कांदा हुंगवण्याचा उपयोग नसतो, हेही त्याच दमात सांगून टाकावे.)

सलग दोन आठवडे कशातच मन न रमणे, झोप उडणे, चिडचिड वाढणे ही मनाच्या दुबळेपणाची खूण समजू नये. अपस्मारात नैराश्य पुष्कळांना येते, आणि लेव्हेटिरासिटॅमसारख्या अपस्मारावरच्या काही औषधांनीही चिडचिड होऊ शकते. अशा वेळी औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण ते एकाएकी तोडल्यास झटके उसळतात. मन मोकळे करायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर घरच्यांना लगेच सांगावे.

लग्नाच्या बोलण्यांत अपस्मार लपवू नये. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची आडकाठी 1999 मध्ये काढून टाकण्यात आली आहे. मूल हवे असल्यास मात्र गर्भधारणेच्या आधीच डॉक्टरांची भेट घ्यावी, कारण व्हॅल्प्रोएटसारखी औषधे गर्भाला अपायकारक ठरू शकतात आणि ती बदलायला वेळ लागतो.