उशिराच्या रोमन सैन्यातल्या खास तुकड्या शिकताना मी कुठे अडकलो

रोमन सैन्य वाचायला घेतलं तेव्हा पॅलाटिनी म्हणजे राजवाड्याचे पहारेकरी असंच मी धरून चाललो होतो, नावच तसं आहे ना, आणि ते चुकीचं निघाल्यावर दोन महिन्यांच्या नोट्स परत लिहाव्या लागल्या. नवीन लोकांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

आधी प्रेटोरियन गार्ड, म्हणजे सम्राटाचे जुने अंगरक्षक, डोक्यातून काढा. 312 मध्ये मिल्व्हियन पुलाच्या लढाईत ते कॉन्स्टंटाइनचा प्रतिस्पर्धी मॅक्सेंटियस याच्याकडून लढले, जिंकला कॉन्स्टंटाइन, आणि त्याने ते बरखास्तच केले. चौथ्या शतकात सम्राटाभोवती असायच्या त्या स्कोला पॅलाटिना, घोडदळाच्या तुकड्या, एकेकीत साधारण 500 जण धरतात. त्यातलेच 40 निवडून कॅन्डिडाटी, पांढऱ्या कपड्यातले, सम्राटाच्या अगदी जवळचे.

आता गोंधळ इथे होतो की पॅलाटिना हा शब्द स्कोलांनाही लागतो आणि फिरत्या फौजेतल्या वरच्या दर्जाच्या तुकड्यांनाही. म्हणून तुकडी दिसली की पहिला प्रश्न एकच विचारा, ही कोणाच्या हाताखाली? स्कोला दरबारातल्या मॅजिस्टर ऑफिशिओरम या बड्या अधिकाऱ्याकडे, आणि लेजिओ किंवा ऑक्सिलिया पॅलाटिना (फिरत्या फौजेतल्या या वरच्या पायदळ तुकड्या) सेनापतींकडे. दर्जाने त्यांच्याखाली कॉमिटाटेन्सेस, म्हणजे फिरत्या फौजेतल्या साध्या तुकड्या, आणि सरहद्दीवर राखणदार लिमिटानेई.

मला हे खरं कळलं ते 360 च्या पॅरिसमुळे. सम्राट कॉन्स्टँटियसने पर्शियाच्या लढाईसाठी गॉलमधला (आजचा फ्रान्स) आपला उपसम्राट ज्युलियन याच्याकडे हेरुली, बटावी, केल्टी, पेटुलांटेस या अख्ख्या तुकड्या मागितल्या, ही सगळी ऑक्सिलिया बरं का, पहारेकरी नाहीत, लढणारी माणसं, घरदार सोडून इतक्या लांब जायला तयार नव्हती, तर त्यांनी ज्युलियनलाच ढालीवर उचलून सम्राट करून टाकलं! एवढं वजन होतं त्यांचं.

प्रोटेक्टोरेस डोमेस्टिकी मात्र या रांगेत बसवू नका, ते अधिकारी घडवणारं केडर, कामगिरीवर पाठवले जायचे. इतिहासकार अमियानुस मार्सेलिनुस त्यांच्यातलाच, 359 मध्ये पर्शियन सरहद्दीजवळच्या अमिडा शहराच्या वेढ्यात स्वतः अडकला होता, म्हणून त्याला जरूर वाचा, निदान तेवढा भाग तरी.

आणि प्रत्येक नावापुढे साल लिहायची सवय लावा. स्कोला पाचव्या शतकाअखेर नुसत्या मिरवणुकीपुरत्या उरल्या, खरा पहारा सम्राट लिओने उभ्या केलेल्या 300 एक्सक्युबिटोरांकडे, म्हणजे राजवाड्याच्या नव्या पहारेकऱ्यांकडे गेला, आणि त्यांचाच प्रमुख जस्टिन 518 मध्ये सम्राट झाला.