हाय-फाय स्पीकर निवडताना आणि लावताना या चुका टाळा

डेमोमध्ये भारावून टाकणारे स्पीकर घरी आल्यावर महिन्याभरात नकोसे वाटायला लागतात. अर्धा तास ऐकलं की कान थकतो, मग आवाज कमी केला जातो, मग गाणंच बंद होतं. अशा वेळी लोक ॲम्प्लिफायर बदलतात, केबल बदलतात आणि शेवटी स्पीकरच विकून टाकतात. त्याआधी खालच्या गोष्टी तपासा. त्यातल्या बऱ्याचशा पैसे न खर्चता दुरुस्त होतात.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, असं समजू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दोन स्पीकर आलटून पालटून ऐकताना एक जरासा मोठा वाजत असला, तरी कान त्यालाच कौल देतो. कमी आवाजात आपल्याला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी जाणवतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच हे आलेखांनिशी मांडलं होतं. त्यामुळे मोठा वाजणारा स्पीकर आपोआप भरदार आणि स्पष्ट वाटतो. तुलनेआधी पिंक नॉइज (सगळे स्वर असलेला चाचणीचा एकसारखा खळखळाट) लावा, फोनवरचं साउंड मीटर ॲप बसायच्या जागी ठेवा आणि दोन्ही स्पीकरमधला फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. फोन हातात धरू नका, त्याची जागाही हलवू नका.

डोळेही निकाल फिरवतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 मध्ये तेच स्पीकर एकदा दिसतील असे आणि एकदा पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले, तेव्हा दोन्ही वेळच्या पसंतीत ठळक फरक पडला. शक्य असेल तर कोणता स्पीकर वाजतोय हे न कळता ऐका.

काय ऐकायचं?

सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष बेसचा दणका आणि झांजेची चकाकी यांवर जातं. माझं ठाम मत आहे की स्पीकर मधल्या पट्टीवर निवडावा, म्हणजे माणसाच्या आवाजावर. ओळखीचा गळा नाकातून आल्यासारखा किंवा डब्यातून बोलल्यासारखा वाटला, तर बाकीचं कितीही छान असो, तो स्पीकर पुढे त्रास देणार.

शास्त्रीय गायनाचं एखादं चांगलं ध्वनिमुद्रण यासाठी फार उपयोगी पडतं. तानपुऱ्याची जवारी नीट ऐका. तार छेडल्यावर वरचे स्वर एकामागून एक उमलत जायला हवेत आणि खाली खर्जाचा पायाही जाणवत राहायला हवा. नुसती किणकिण ऐकू येत असेल तर ट्रेबल, म्हणजे वरच्या स्वरांचा भाग, उचललेला आहे, नुसती गुणगुण येत असेल तर तो दबलेला आहे. मग डग्ग्याकडे वळा. वादक मनगट सरकवून घुमारा वर चढवतो, तेव्हा स्वर सलग सरकला पाहिजे. मध्येच एका ठिकाणी तो फुगला किंवा गायब झाला, तर तिथे बॉक्स किंवा खोली आपलं काहीतरी मिसळते आहे. बेस तपासायला यापेक्षा चांगलं साधन मला सापडलेलं नाही.

कागदावरचे आकडे

'45 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ' या दाव्यापुढे अधिक-उणे किती डेसिबल हे लिहिलेलं नसेल, तर त्याला अर्थ नाही. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा, बहुधा 2.83 व्होल्टवर, 1 मीटर अंतरावर मोजलेली असते. एवढे व्होल्ट 8 ओहमच्या स्पीकरला 1 वॉट देतात, पण 4 ओहमच्या स्पीकरला 2 वॉट. म्हणजे 4 ओहमचा 89 डेसिबलचा स्पीकर वॉटच्या हिशेबात 86 चाच. प्रत्येक 3 डेसिबलसाठी दुप्पट शक्ती लागते; 84 च्या स्पीकरला 90 च्या स्पीकरइतकं वाजवायला चौपट वॉट हवेत. छोटा ॲम्प्लिफायर म्हणजे सुरक्षित, हाही गैरसमज आहे. तो ताणून क्लिपिंग होईपर्यंत, म्हणजे शक्ती संपून आवाजाची लहर कापली जाईपर्यंत, वाजवला तर ट्विटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) जळू शकतो.

खोलीचा वाटा विसरू नका

5 मीटर लांबीच्या खोलीत लांबीच्या दिशेने पहिला अनुनाद (भिंतींमध्ये आवाज घुमून एखादा स्वर फुगणं) सुमारे 34 हर्ट्झला येतो आणि दुसरा सुमारे 69 ला. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्जही नेमका 69 हर्ट्झच्या आसपास असतो. मागच्या भिंतीला डोकं टेकवून बसलात तर हा खर्ज घुमून सगळ्या गाण्यावर पसरेल. खुर्ची सव्वा मीटर पुढे घ्या, तोच घुमारा जवळजवळ नाहीसा होईल. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर तो पुन्हा वाढतो आणि 34 चा स्वर मात्र हरवतो. स्पीकर तोच, ॲम्प्लिफायर तोच. म्हणून खुर्ची न हलवता स्पीकरला नावं ठेवणाऱ्यांना मी आधी खुर्ची हलवायला सांगतो.

स्पीकर आणि त्याच्यामागची भिंत यांतल्या अंतराचाही असाच परिणाम होतो. हे अंतर 1 मीटर असेल तर भिंतीवरून परतलेला आवाज 86 हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला छेद देतो. मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन यांच्यापासून वूफरची (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागाची) अंतरं एकसारखी ठेवू नका, नाहीतर सगळे खड्डे एकाच जागी पडतात. पातळ गालिचा किंवा पडदा यावर उपाय नाही. ते फक्त वरचे स्वर शोषतात.

तक्रार आणि तपासणी

बेस पोकळ वाटतो, गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो: एका स्पीकरची तार उलटी जोडली गेली असण्याची दाट शक्यता आहे. ॲम्प्लिफायरपासून तार सोडवा आणि 1.5 व्होल्टचा सेल तिला क्षणभर लावा, धन टोक लाल तारेला. दोन्ही वूफर एकाच दिशेने हलले पाहिजेत.

बेस घुमतो: स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. मागे पोर्ट, म्हणजे हवेसाठीचं भोक, असेल तर त्यात फोमचा बोळा घालून पाहा.

'स' आणि 'श' बोचतात: स्पीकरची तोंडं थेट कानाकडे असतील तर थोडी बाहेर वळवा. ट्विटर कानाच्या उंचीवर आहे ना, हेही पाहा. बुकशेल्फ (छोटा, जमिनीवर न ठेवायचा) स्पीकर बुटक्या टेबलावर ठेवला असेल, तर टेबलावरून परतणारा आवाज मधली पट्टी बिघडवतो, स्टँड घ्या.

एकाच बाजूला खरखर येते: ॲम्प्लिफायरच्या मागच्या डाव्या-उजव्या स्पीकर तारा अदलाबदल करा, अर्थात वीज बंद करून. खरखर दुसऱ्या बाजूला गेली तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या आधीच्या यंत्रात आहे. जागची हलली नाही तर स्पीकर किंवा त्याची तार तपासा.

हे सगळं करूनही ओळखीचा गळा परकाच वाटत असेल, तर मात्र जागा बदलण्यात वेळ घालवू नका. ट्विटर आणि वूफर यांचा मेळ नीट नसलेला स्पीकर कुठेही ठेवला तरी सुधारत नाही. पुढचा स्पीकर निवडताना फक्त समोरून घेतलेला आलेख पाहू नका, बाजूच्या कोनांतून मोजलेले आलेखही मागा. सीटीए-2034 या स्पीकर मोजण्याच्या प्रमाणित पद्धतीने केलेल्या मोजणीत ते सगळे एकत्र दिलेले असतात. समोरचा आलेख सपाट हवा आणि बाजूचे आलेख खड्डे-उंचवटे न येता हळूहळू उतरत गेलेले हवेत. असे दोन-तीन स्पीकर निवडून शक्य असेल तर आठवडाभर घरी आणा आणि आवाज सारखा करून आपल्याच खोलीत ऐका.