पोरांना तलावात उतरवण्याआधी

मी लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. पाणी तोंडात जाऊ नये म्हणून डोकं वर, पाय खाली लोंबलेले आणि हात घाईघाईने पाणी मागे लोटणारे. बुडलो नाही, पण वीस हात अंतर गेलं की दम संपायचा. ही सवय मोडायला पुढे कित्येक वर्षं गेली. म्हणून या सुट्टीत सात ते दहा वर्षांच्या पोरांना शिकवायचं तुम्ही मनावर घेतलं असेल, तर सगळी तयारी एकाच गोष्टीसाठी करा: पोराचं तोंड न घाबरता पाण्यात जावं आणि श्वास तिथेच सुटावा. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात. मग हात कितीही मारले तरी पोर पुढे सरकत नाही.

सुरुवात जागेपासून करा. विहीर नको, तिथे पाय टेकत नाहीत. भंडारा-गोंदियाकडच्या गावांना मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वीच्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले जुने तलाव आहेत, उन्हाळ्यात त्यांचं पाणी ओसरतं आणि काठाजवळ उथळ भाग मिळतो. पण त्याच दिवसांत जेसीबीने गाळ काढतात आणि तळाला सरळ उभ्या कडांचे खड्डे पडतात. गढूळ पाण्यात ते दिसत नाहीत. गाळ कुठून काढला हे आधी गावात विचारा. मग पोरं यायच्या आधी स्वतः आत उतरून, बांबूने पावलापावलावर तळ चाचपा. शिंगाड्याचे वेल आणि फुटक्या बाटल्या काढून टाका. म्हशी बसतात तो भाग आणि धुण्याचा घाट सोडा. पोराच्या बेंबीच्या वर आणि छातीच्या खाली पाणी राहील एवढी पट्टी निवडून चार बांबू रोवा आणि दोरी बांधा. दोरीपलीकडे कोणीच जाणार नाही, मोठी पोरंसुद्धा नाहीत.

सामान थोडंच लागतं. एक-एक लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या झाकण घट्ट लावून शेजारी-शेजारी बांधल्या की पोराला समोर धरायला तराफा होतो. भोपळा किंवा डबा पाठीला बांधू नका. त्याने शरीर उभं राहतं आणि आडवं व्हायची सवयच लागत नाही. काठावर लांब बांबू आणि दोरी बांधलेली हवेची ट्यूब ठेवा. कपडे अंगाबरोबर बसणारे हवेत. ओढणी, सैल फ्रॉक नको. मुलींना घट्ट सलवार-टीशर्ट चालतो, तेवढ्यासाठी त्यांना घरी ठेवू नका.

माणसं मात्र मोजून घ्या. चार पोरांमागे पोहता येणारा एक मोठा पाण्यात आणि एक जण फक्त काठावर बघायला. त्याच्या हातात मोबाइल नको. पोर बेशुद्ध निघालं तर पोट दाबायचं नाही, पायाला धरून उलटं लटकवायचं नाही. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची. दुसऱ्याने १०८ लावायचा. हे वाचून येत नाही, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी जाऊन शिकून घ्या.

आता घरची तयारी, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. तलावावर जायच्या चार दिवस आधी घमेलं भरून अंगणात ठेवा. तोंडाने श्वास घ्यायचा, तोंड पाण्यात घालायचं, नाकातोंडाने बुडबुडे सोडायचे. श्वास कोंडून धरणाऱ्या पोराला वर आल्यावर सोडायचं आणि घ्यायचं दोन्ही एकदम करावं लागतं, तिथेच ते गुदमरतं. बुडबुडे जमले की मान फक्त बाजूला वळवायची, एक कान आणि एक डोळा पाण्यातच, डोकं उचलायचं नाही. पायांसाठी पोराला ओट्याच्या कडेवर पालथं घाला. लाथ मांडीपासून निघाली पाहिजे. गुडघा थोडा सैल, घोटा ढिला, बोटं मागे. सायकल चालवल्यासारखा गुडघा पोटाकडे येत असेल तर हाताने धरून सरळ करा.

पाण्यात पहिले तीन दिवस हात शिकवूच नका. हात कानाला लावून, तोंड खाली करून, तुमच्या मांडीला पाय लावून ढकलायचं आणि बाणासारखं सरकायचं. मग बाटल्या धरून पाय. हात त्यानंतर: पंजा खांद्यासमोर पाण्यात शिरावा, डोक्यासमोर आडवा जाऊ नये. कोपर वर ठेवून पाणी मांडीपर्यंत मागे लोटायचं.

वेळ सकाळी साडेसहा ते आठ. मे महिन्यात त्यानंतर डोक्यावर ऊन घेऊ नका. नाश्ता नंतर, म्हणून निघताना नुसतं दूध आणि परतल्यावर गूळ-शेंगदाणे. ओठ निळे पडले किंवा पोर कुडकुडायला लागलं तर लगेच बाहेर.

पाण्यात उतरताना पोरं मोजा, बाहेर आल्यावर पुन्हा मोजा. आणि बांबू-दोरी रोज काढून घरी आणा. खूण तशीच राहिली तर दुपारी, मोठी माणसं झोपली की, पोरं त्याच जागी एकटी जातात.