तंतुमय फेज आणि एनएमआर : गोव्यातून या वाटेला येणाऱ्यांसाठी

गोव्यात रसायनशास्त्राची एमएस्सी झाली की पुढचं बहुतेक घरांत ठरलेलंच असतं: वेर्ण्याची किंवा कुंडईची औद्योगिक वसाहत, फार्मा कंपनी, क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणी विभाग. वाट चांगली आहे, माझ्या वर्गातले कितीतरी जण तिथे समाधानाने काम करतात. मी मात्र प्रथिनांच्या एनएमआरकडे (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपून रेणू अभ्यासण्याचं तंत्र) वळले आणि तंतूसारख्या विषाणूंच्या, म्हणजे तंतुमय फेजच्या मदतीने रेणूंची रचना शोधायच्या कामात रमले. ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठातून किंवा म्हापसा, फोंडा, मडगावच्या कॉलेजांतून कुणी इकडे येऊ पाहत असेल, तर त्याला आधीच ठाऊक असलेलं बरं, असं काही इथे लिहिते.

विषाणू म्हटलं की घरचे दचकतात, म्हणून आधी तेच. हे फेज जीवाणूंमध्ये वाढतात, माणसाला त्यांची लागण होत नाही. एम१३ आणि एफडी हे ई. कोलाय या जीवाणूचे फेज. लांबी सुमारे ९०० नॅनोमीटर, जाडी जेमतेम ६-७ नॅनोमीटर. पीएफ१ त्याहून लांब, जवळजवळ २ मायक्रोमीटर, आणि तो स्युडोमोनास एरुजिनोसामध्ये वाढतो. इथे मात्र जपायला हवं, कारण हा जीवाणू अशक्त माणसाला आजारी पाडू शकतो. पीएफ१ वाढवायचा असेल तर जैवसुरक्षेचे नियम तोंडपाठ हवेत. ज्यांनी मायक्रोबायॉलॉजीत सांडपाण्यातून फेज वेगळे करण्याचं प्रॅक्टिकल केलंय, त्यांना आणखी एक फरक पाहून नवल वाटेल. तंतुमय फेज पेशी फोडत नाहीत, जिवंत पेशीतूनच एकेक बाहेर पडतात. त्यामुळे प्लेटवर स्वच्छ गोल डाग न दिसता धूसर डाग दिसतात.

आता यांचा रचनेशी संबंध काय? एनएमआरमध्ये प्रथिनाची रचना काढताना मुख्य आधार असतो एनओईचा, म्हणजे जवळच्या प्रोटॉनांच्या एकमेकांवरच्या परिणामाचा. तो साधारण ५-६ अँगस्ट्रॉमच्या आत असलेल्या प्रोटॉनांमधलं अंतर सांगतो. शेजारी कोण आहे ते कळतं, पण रेणूचं एक टोक दुसऱ्या टोकाच्या तुलनेत कुठल्या दिशेला वळलंय ते नीट कळत नाही. ही दिशा द्विध्रुवी जोडणीत (दोन अणुकेंद्रांच्या चुंबकत्वाचा थेट एकमेकांवर होणारा परिणाम) लपलेली असते, कारण ती बंध आणि चुंबकीय क्षेत्र यांच्यातल्या कोनावर अवलंबून असते. अडचण अशी की द्रावणात रेणू सर्व दिशांना सारखाच गरगरत असतो आणि ही जोडणी सरासरीत शून्य होऊन जाते. उलट रेणू पूर्ण जखडून ठेवला तर नायट्रोजन-हायड्रोजन बंधाची जोडणी २० हजार हर्ट्झच्या वर जाते आणि स्पेक्ट्रममध्ये काही ओळखू येत नाही. हवी असते ती मधली अवस्था: रेणू मोकळा फिरावा, पण एका दिशेकडे हजारात एखाद्या भागाइतका कल असावा. मग हातात येते काही हर्ट्झ ते काही दशक हर्ट्झची उरलेली जोडणी, आणि ती सहज मोजता येते. तिला सगळे आरडीसी (रेसिड्युअल डायपोलर कपलिंग) म्हणतात.

हा कल फेज देतात. त्यांच्या कवचातलं प्रत्येक प्रथिन म्हणजे एक अल्फा हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखी वळलेली साखळी, आणि अशा हजारो हेलिक्स तंतूच्या लांबीशी जवळजवळ समांतर रचलेल्या असतात. एका पेप्टाइड बंधाचा चुंबकीय प्रतिसाद नगण्य, पण हजारोंची बेरीज झाली की अख्खा तंतू क्षेत्राला समांतर उभा राहतो. अशा तंतूंमध्ये सोडलेलं प्रथिन बांबूच्या बेटातून काठी नेणाऱ्या माणसासारखं वागतं, आडव्यापेक्षा उभ्या दिशेने त्याला जास्त मोकळीक मिळते. शिवाय फेजवर ऋणभार असतो, त्यामुळे रेणूवरचा भार कसा पसरलाय याचाही परिणाम होतो. टांड्रा आणि बॅक्स यांनी १९९७ मध्ये बायसेल (मेदरेणूंच्या चपट्या चकत्या) वापरून अशी जोडणी मोजली. १९९८ मध्ये हॅन्सन, म्युलर आणि पार्डी यांनी पीएफ१ घेऊन, तर क्लोर, स्टारिच आणि ग्रोनेनबोर्न यांनी एफडी आणि तंबाखूच्या मोझाइक विषाणूसह हेच दाखवलं.

नवख्या मुलांना वाटतं की खरं कौशल्य ८०० मेगाहर्ट्झच्या यंत्रापाशी असतं. माझं मत ठाम आहे: या कामातला बराचसा निकाल यंत्रापाशी जाण्याआधी, सॅम्पलच्या नळीतच लागलेला असतो. फेज पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) आणि मिठाने खाली बसवणं, गरज पडल्यास सिझियम क्लोराइडच्या ग्रेडियंटवर शुद्ध करणं, अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून बफर बदलणं, ही सगळी हाताची कामं आहेत आणि ती संयमानेच येतात. द्रावण घट्ट असतं. पिपेटच्या टिपचं टोक थोडं कापून हळू उचला, व्हॉर्टेक्सला लावू नका, साठा गोठवू नका, ४ अंशांवर ठेवा. टिकण्यासाठी सोडियम अ‍ॅझाइड घालतात, ते विषारी आहे, हातमोजे विसरू नका. एम१३ किंवा एफडी वाढवत असाल तर तुमचं टेबल वेगळं ठेवा. हे फेज एफ पिलस (पेशीवरचा केसासारखा धागा) असलेल्या पेशींनाच धरतात, त्यामुळे ई. कोलायच्या बीएल२१ या वाणाला धोका नाही, पण शेजारी कुणी एक्सएल१-ब्लू हा वाण वाढवत असेल तर त्याच्या कल्चरमध्ये फेज शिरू शकतो.

सॅम्पल तयार झालं की आधी ड्युटेरियमचा साधा एकमितीय स्पेक्ट्रम घ्या. द्रावणातल्या जड पाण्याची एक रेघ फुटून दोन झालेली दिसली पाहिजे. मिलिलिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास पीएफ१ असेल तर दोन रेघांमधलं अंतर साधारण १० हर्ट्झच्या घरात येतं. दोन्ही रेघा स्वच्छ आणि सारख्या हव्यात. मधोमध तिसरी रेघ उरली असेल तर नळीतला काही भाग अजून रांगेत आलेला नाही, पुढे जाऊ नका. त्यानंतर एचएसक्यूसी (प्रत्येक नायट्रोजन-हायड्रोजन बंधाचं एकेक शिखर दाखवणारा द्विमितीय स्पेक्ट्रम) घेऊन फेज नसलेल्या सॅम्पलशी ताडून बघा. शिखरं रुंद झाली किंवा गायब झाली, तर प्रथिन फेजला चिकटतंय. धनभार असलेल्या प्रथिनांचं असं हमखास होतं. मीठ थोडं वाढवून बघा, नाहीतर पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेलसारखं दुसरं माध्यम घ्या. पीएच ४ च्या जवळ नेऊ नका, पीएफ१चे गठ्ठे होतात. आरएनएवाल्यांना मात्र पीएफ१ वरदान आहे. दोघांवर ऋणभार, म्हणून चिकटण्याचा त्रास कमी. आणि आरएनएमध्ये प्रोटॉन विरळ, रेणू लांबट, त्यामुळे एनओईवर भागत नाही, दिशेची माहिती तिथेच सर्वांत जास्त उपयोगी पडते.

आता यंत्राशिवाय घरी बसून करता येईल असं काम. युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचं प्रथिन, त्याची १डी३झेड ही रचना प्रोटीन डेटा बँकेत फुकट मिळते आणि ती ठरवताना वापरलेल्या आरडीसीही तिच्यासोबत उपलब्ध आहेत. त्या उतरवून घ्या. रेणूचा कल पाच अज्ञात संख्यांत मांडता येतो, म्हणून किमान पाच स्वतंत्र बंधांच्या आरडीसी लागतात. पायथनमध्ये सिंग्युलर व्हॅल्यू डिकम्पोझिशन (मॅट्रिक्सची फोड करण्याची गणिती पद्धत) वापरून त्या पाच संख्या काढा, रचनेवरून आरडीसी परत मोजा आणि मोजलेल्या विरुद्ध काढलेल्या अशा आलेखावर मांडा. मग मुद्दाम एखादी हेलिक्स काही अंश फिरवून तोच आलेख पुन्हा काढा. ठिपके रेघेवरून कसे ढळतात ते बघितल्यावर आरडीसी काय पकडते ते पुरतं उमगेल. एकाच माध्यमातून मिळालेला आकडा बंधाच्या अनेक दिशांना लागू पडतो, म्हणून दुसरं माध्यम का लागतं, तेही इथेच कळतं. प्रथिनांची रचना संगणकावर वर्तवणाऱ्या अल्फाफोल्डच्या काळात हे शिकून काय करायचं, असं मला विचारतात. संगणकाने सांगितलेली रचना द्रावणात खरोखर तशीच आहे का, दोन भागांमधला कोन तोच आहे का, हे तपासायला आरडीसीसारखी काटेकोर कसोटी क्वचितच सापडेल. हे काम वाढणारच आहे.

कुठे जायचं? मुंबईतली टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि बंगळुरूची आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था) इथे एनएमआरची जुनी आणि भक्कम परंपरा आहे. टीआयएफआर हैदराबाद आणि आयसर या विज्ञान संस्थाही बघा. नेट-जेआरएफ, गेट, टीआयएफआरची स्वतःची प्रवेश परीक्षा, यांतली एकतरी द्यावीच लागेल. रसायनवाल्यांनी मायक्रोबायॉलॉजीच्या मित्राकडून निर्जंतुक काम शिकून घ्यावं, जीवशास्त्रवाल्यांनी मॅट्रिक्सची भीती सोडावी. उन्हाळी फेलोशिपचे अर्ज सुट्टीच्या कितीतरी आधी निघतात, विज्ञान अकादमींच्या संकेतस्थळावर आधीपासूनच लक्ष ठेवा. प्राध्यापकांना ईमेल लिहिताना ‘मला संशोधनाची आवड आहे’ एवढ्यावर थांबू नका. युबिक्विटिनचा आलेख जोडा, हेलिक्स किती अंश फिरवल्यावर काय बदललं ते तीन-चार ओळींत सांगा, आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कुठल्या रेणूवर हेच करून बघायला आवडेल तेही लिहा.