फिजिक्सच्या पहिल्या प्रॅक्टिकलला येताय? मग हे वाचून या

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दरवेळी एकच सांगते, उत्तर बरोबर आलं की नाही हे आम्ही शेवटी बघतो, आधी बघतो तुमची रीडिंग्ज खरी आहेत का. बाकी सगळं यातूनच येतं.

घरून निघताना प्रयोग वाचून या. पाठ करायची गरज नाही, पण आज काय मोजायचंय, कशाने मोजायचंय आणि कुठला फॉर्म्युला लागणार एवढं माहीत हवं, आणि ऑब्झर्व्हेशन टेबल आधीच आखून आणलंत तर निम्मा वेळ वाचतो.

टेबलावर बसल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक उपकरणाचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सगळ्यात लहान माप, लिहिणं. स्क्रू गेजचा बहुतेक वेळा ०.०१ मिमी असतो, पण गृहीत धरू नका, काढून बघा. मग झिरो एरर, म्हणजे काहीच मोजत नसताना उपकरण शून्याऐवजी जे दाखवतं ते, तो विसरलात तर पुढची सगळी रीडिंग्ज तेवढ्यानेच चुकतात आणि कितीही वेळा मोजून सरासरी काढली तरी ती चूक जात नाही.

आता साधा पेंडुलम घ्या. एकाच ऑसिलेशनची, म्हणजे एका पूर्ण झोक्याची (जाऊन परत येण्याची), वेळ का नाही मोजायची? स्टॉपवॉच शतांश सेकंद दाखवतं खरं, पण आपलं बोट साधारण ०.२ सेकंद इकडेतिकडे होतं, म्हणजे २ सेकंदांच्या एका ऑसिलेशनमध्ये १० टक्के चूक, तीच २० ऑसिलेशन्स मोजली तर ४० सेकंदांत अर्धा टक्का. आणि बटण दाबताना 'शून्य' म्हणा, 'एक' नाही! एकपासून मोजायला लागलं की प्रत्यक्षात १९च होतात आणि g (गुरुत्व त्वरण, जे यातून काढायचं असतं आणि साधारण ९.८ मी/से² यायला हवं) थेट १०.८ च्या वर जातो.

मागे एका मुलीचा g ९.७२ आला. दोरा १०० सेंमी, २० ऑसिलेशन्सना ४०.३ सेकंद. शेजारचा म्हणाला ४०.१ कर, ९.८ येईल. तिने नाही केलं, रीडिंग तसंच ठेवून मला विचारायला आली, आणि दोन मिनिटांत सापडलं की लांबी तिने हुकपर्यंतच धरली होती, गोळ्याची १ सेंमी त्रिज्या धरलीच नव्हती. १०१ घातल्यावर g ९.८ आला. तिने आकडा बदलला असता तर ही चूक कधी कळलीच नसती. मला तिचं फार कौतुक वाटलं होतं.

म्हणून रीडिंग पेनने लिहा, थेट वहीत, सुट्या चिठोऱ्यावर नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारून बाजूला नवीन लिहा, खालचं वाचता आलं पाहिजे. युनिट प्रत्येक कॉलमला हवंच. कॅल्क्युलेटरने ९.७२३४१ दाखवलं म्हणून तेवढं सगळं उतरवू नका, आपलं मोजमाप तेवढं बारीक नसतं.

पार्टनरसोबत काम वाटून घ्या पण अर्ध्यावर अदलाबदल करा, नाहीतर एकजण नुसता लेखनिक होतो. ग्राफ आणि कॅल्क्युलेशन मात्र ज्याचं त्याने करायचं.

सर्किट जोडलं की स्विच लावायच्या आधी आम्हाला दाखवा, अ‍ॅमीटर सिरीजमध्येच आहे ना हे बघून घेतो, पॅरलल लागला तर फ्यूज तरी जातो नाहीतर मीटर. निघताना सप्लाय बंद करा, वायरी सोडवून ठेवा आणि रीडिंग्जवर सही घेतल्याशिवाय टेबल मोडू नका, कारण एखादं रीडिंग परत घ्यावं लागलं तर सगळी मांडणी पहिल्यापासून करावी लागते.