दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांताचा इतिहास वाचायचाय? आधी टॅक्स बघा

बहुतेक जण झुलूंच्या शाका राजापासून सुरुवात करतात, मग लढाया, मग तारखा, आणि चार दिवसांत पुस्तक परत कपाटात. माझं ऐका, टॅक्स धरून वाचा.

पण त्याआधी कोरा नकाशा घेऊन तुगेला नदी काढा. दक्षिणेला नाताल, जे ब्रिटिशांनी 1843 ला बोअर (मूळच्या डच) लोकांकडून घशात घातलं, आणि उत्तरेला झुलूंचं राज्य. 1879 ला इसांडलवानाला झुलूंनी इंग्रजांना धूळ चारली पण सहा महिन्यांत त्यांची राजधानी उलुंडी पडली, 1887 ला झुलूलँड खालसा, 1897 ला नातालमध्ये विलीन. लढायांचं एवढं बास.

आता टॅक्स. 1849 मध्ये नातालमधल्या शेपस्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आफ्रिकन लोकांवर दर झोपडीमागे 7 शिलिंग लावले, ते आणायचे कुठून तर गुरं विका नाहीतर गोऱ्याकडे राबा. तरी उसाच्या मळ्यांना मजूर पुरेनात म्हणून 1860 पासून भारतातून गिरमिटिये (कराराने बांधलेले मजूर), पहिलं जहाज ट्रुरो, मद्रासहून. करार संपल्यावर हीच माणसं तिथं राहून भाजीपाला पिकवायला, धंदा करायला लागली तर गोऱ्यांच्या पोटात दुखलं, आणि 1895 च्या कायद्याने त्यांच्यावर वर्षाला 3 पौंड! गांधीजींचा स्टेशनवरचा किस्सा पाठ असतो सगळ्यांना, हा टॅक्स कुणालाच नाही. आपले गोपाळ कृष्ण गोखले 1912 ला तिकडे जाऊन पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्सना भेटले, टॅक्स जाणार असं समजून परतले, पण सरकारने हात वर केले. मग 1913 ला भारतीय मजुरांच्या संपाने न्यूकॅसलच्या कोळसा खाणी बंद पडल्या, पाठोपाठ उसाचे मळे, तेव्हा कुठे 1914 ला तो रद्द झाला. मधे 1906 ला आफ्रिकन पुरुषांवरच्या 1 पौंड डोईपट्टीवरून बंबाथा या झुलू सरदाराचा उठाव झालाय, तो चुकवू नका.

1910 नंतर भराभर चला आणि वर्णभेदाच्या काळात आलात की पुन्हा नकाशा काढा, झुलूंसाठीचा क्वाझुलू नावाचा 'स्वायत्त' प्रदेश म्हणजे नुसते विखुरलेले तुकडे दिसतील. झुलू नेते बुथेलेझींची इंकाथा ही संघटना 1975 ची, तिचं आणि मंडेलांच्या एएनसी पक्षाच्या समर्थकांचं रक्तरंजित भांडण 1994 पर्यंत चाललं. इंकाथा 1994 च्या निवडणुकीत इतक्या उशिरा उतरली की छापून तयार असलेल्या मतपत्रिकांवर खाली तिच्या नावाचे स्टिकर चिकटवावे लागले, आणि तरी प्रांत तिनेच जिंकला. 2024 ला माजी राष्ट्राध्यक्ष झुमांचा एमके पक्ष पहिला आला पण प्रीमियर (प्रांताचा मुख्यमंत्री) आघाडी करून इंकाथाचाच झाला, हे वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं समजवायची गरज पडू नये 😄